कोणतं कारंजा?

प्रश्न : मी कारंजा (घाडगे) इथला निवृत्त शिक्षक. वावर गावापासून चार किलोमीटरवर, पांदणीच्या आत. परवा जेवताना नववीतला नातू म्हणाला, "आबा, ११२ लावला तर फोन नवी मुंबईला लागते, आपल्या ठाण्यात नाही." मी म्हटलं, काहून बा? ठाणं तर गावातच आहे. तो म्हणे, शाळेत सांगितलं. तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. तिकडं बसलेल्या माणसाला आमची पांदण, आमचा नाला, अहो, आमचं कारंजाच कसं ठाऊक असणार? महाराष्ट्रात कारंजा काय एकच आहे? चांगला चालू असलेला १०० नंबर सोडून ११२ आणला कशासाठी? आणि खात्री करायला एकदा लावून पाहिला तर चालेल का?
— एक वाचक, कारंजा (घाडगे), जि. वर्धा

उत्तर :

गुरुजी, नातू बरोबर सांगतो आहे. कारंज्यातून लावलेला ११२ कारंज्याच्या ठाण्यात वाजत नाही. तो नवी मुंबईच्या केंद्रात वाजतो, नाहीतर नागपूरच्या. राज्यभरातले ११२ चे फोन या दोन ठिकाणी घेतले जातात. एकावर ताण आला किंवा ते बंद पडलं तर दुसऱ्याने सांभाळावं, म्हणून दोन. गाडी मात्र तिथून निघत नाही. ती तुमच्याच भागातली असते, तुमच्या ओळखीच्या रस्त्यांवर रोज फिरणारी. आवाज शेकडो कोस जाऊन येतो आणि मदत चार कोसांवरून निघते.

आवाज आणि गाडी यांच्या मधे काय घडतं ते पुढे सांगतो. आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण पत्रातला कळीचा प्रश्न मला तोच वाटतो. महाराष्ट्रात कारंजा काय एकच आहे?

नाही. वाशीम जिल्ह्यात कारंजा लाड आहे, नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, तालुक्याचं गाव. तुमचं कारंजा घाडगे, तेही तालुक्याचंच. आणि उरणजवळ समुद्रकाठी आणखी एक कारंजा आहे, मासेमारीचं, जिथून रेवसला लाँच सुटते. आता नवी मुंबईत हेडफोन लावून बसलेली एखादी मुलगी डोळ्यांपुढे आणा. उरणचं कारंजा तिच्या खुर्चीपासून फार लांब नाही. कानावर 'कारंजा' पडलं की तिच्या मनात आधी खाडी येणार, होड्या येणार. संत्र्याचे बगीचे येणार नाहीत. आणि घाबरलेला माणूस 'कारंजा, कंसात घाडगे' असं म्हणत नाही. आपल्या गावाचं पूर्ण नाव गावातला माणूस कधी घेतच नाही. कंस कागदावर असतो, जिभेवर नसतो.

तुमच्या आजूबाजूला पाहा. तुम्ही नुसतं तळेगाव म्हणता तेव्हा मनात असतं श्यामजीपंतांचं तळेगाव. तिकडे अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर आहे आणि पुण्याकडच्या माणसाला तळेगाव म्हटलं की दाभाडे नाहीतर ढमढेरे आठवतात. तुमच्या शेजारी आष्टी, तशी बीड जिल्ह्यातही आष्टी. तुमच्या गावावरून जाणाऱ्या हायवेला आजही लोक 'सहा नंबर' म्हणतात; कागदावर तो कधीच ५३ झाला. एकाच अपघाताचे चार फोन आले आणि चौघांनी जागा चार नावांनी सांगितली, तर समोर बसलेल्याने काय समजायचं?

१०० नंबरच्या जुन्या काळात हा गोंधळ होत नव्हता, हे मान्य करायलाच हवं. तेव्हा फोन भिंतीला बांधलेला असायचा. तारेचं एक टोक घरात, दुसरं गावच्या एक्सचेंजमध्ये, आणि त्या एक्सचेंजमधून १०० फिरवला की तो ठरलेल्या पोलीस नियंत्रण कक्षातच वाजायचा. फोन कुठून आला हे तारच सांगायची. 'कोणतं कारंजा' असं विचारायची पाळीच येत नसे.

मोबाइल आला आणि ती तार तुटली. मोबाइल गावाची हद्द ओळखत नाही, तो टॉवर ओळखतो. ज्याचा सिग्नल चांगला त्याला धरतो. कारंजा तालुका तर काठावरचा. पूर्वेला गेलात की कोंढाळी, म्हणजे नागपूर जिल्हा. पश्चिमेला वर्धा नदीचा पूल ओलांडला की तिवसा, म्हणजे अमरावती जिल्हा. हद्दीवर उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखाली एक जिल्हा आणि फोनमध्ये दुसरा, असं सहज होतं. हे मी अनुभवलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी, ११२ च्या आधी, रात्री प्रवासात असताना दोन जिल्ह्यांच्या सीमेवर एक मोटारसायकल नालीत पडलेली दिसली. पोरगा शुद्धीवर होता, पण पाय हलवत नव्हता. मी १०० लावला. पलीकडच्या माणसाने शांतपणे सगळं ऐकलं, मग गावाचं नाव विचारलं आणि म्हणाला, "साहेब, हे आमच्याकडे येत नाही, शेजारच्या जिल्ह्याला लावा." त्याची चूक नव्हती. त्याच्या टेबलावर शेजारच्या जिल्ह्याची गाडी हलवायचा अधिकारच नव्हता. शेजारचा जिल्हा कसा लावायचा, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. पुन्हा १०० लावला तर फोन पुन्हा त्याच्याकडेच जायचा. शेवटी मागून आलेल्या ट्रकवाल्याने त्या पोराला उचलून नेलं. मी मात्र पाच मिनिटं हातात चालू फोन घेऊन नुसता उभा होतो.

फोन जिल्ह्याऐवजी राज्याच्या केंद्रात नेण्याचं मोठं कारण हेच. हद्दीचा वाद फोन करणाऱ्याच्या गळ्यात पडू नये. हद्द कोणाची ते आत बसलेले ठरवतील. बाहेरच्याने फक्त बोलावं.

आता ११२ हाच आकडा का? त्यासाठी थोडं लांब जावं लागेल. अशा नंबरांची सुरुवात लंडनमध्ये ३० जून १९३७ ला ९९९ ने झाली. त्याआधी, नोव्हेंबर १९३५ मध्ये, विंपोल स्ट्रीटवरच्या एका घराला आग लागून पाच बायका गेल्या होत्या. शेजारच्याने एक्सचेंजला फोन लावला होता, पण त्याचा फोन इतर कॉलच्या रांगेत अडकून पडला. म्हणून तातडीचा फोन रांगेत वेगळा ओळखू यावा असा नंबर हवा झाला. ९ निवडला कारण गोल डायलवर शून्याच्या शेजारचं ते भोक धुरात, अंधारात बोटांनी चाचपून सापडतं. १११ घेता आला नाही. वाऱ्याने तारा एकमेकींना लागल्या तरी एकचे ठोके आपोआप पडायचे आणि कोणी न लावताच फोन लागायचा.

युरोपातल्या देशांनी १९९१ मध्ये ११२ हा सामाईक नंबर ठरवला आणि मोबाइलची जीएसएम पद्धत घडत असताना तो तिच्या नियमांतच बसवला गेला. त्यामुळे ११२ ला मोबाइल इतर नंबरांसारखं वागवत नाही. पडद्याला कुलूप असलं तरी लागतो. तुमच्या कंपनीचा टॉवर नसला पण दुसऱ्या कंपनीचा असला, तर त्याच्यावरून जाण्याची सोय त्या नियमांत आहे. पांदणीत उभं राहिल्यावर फोनवर नेटवर्कच्या जागी 'फक्त आणीबाणीचे कॉल' अशा अर्थाची ओळ दिसते ना, तिचा अर्थ तोच. ही सोय फोनच्या आतच होती. भारताने १०० ऐवजी ११२ घेण्यामागे हेही कारण आहे.

बाकी इतिहास थोडक्यात. १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर महिलांच्या सुरक्षेसाठी निर्भया निधी उभा राहिला; ११२ ला पैसा पुढे त्यातूनच मिळाला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०१५ मध्ये देशभर ११२ हा एकच नंबर असावा अशी शिफारस केली. नोव्हेंबर २०१८ मध्ये हिमाचल प्रदेशाने तो सर्वांत आधी सुरू केला आणि महाराष्ट्रात २०२१ मध्ये तो राज्यभर आला. याच काळात मोबाइलमध्ये धोक्याचं बटण सक्तीचं झालं. घरात कोणाकडे बटणांचा साधा फोन असेल तर त्यांना हे नक्की दाखवा : २०१७ पासूनच्या अशा फोनवर ५ किंवा ९ चं बटण दाबून धरलं की मदतीचा फोन लागावा, असा नियम आहे. स्मार्टफोनवर त्यासाठी चालू-बंद करायचं बटण लागोपाठ तीनदा दाबायचं. काही नव्या फोनांत पाचदा.

आता फोन लागल्यापासून गाडी निघेपर्यंत काय होतं?

तुम्ही ११२ लावता. टॉवरवरून तो कंपनीच्या स्विचकडे जातो, तिथून केंद्राकडे. केंद्रात मोकळी खुर्ची कोणती ते यंत्र पाहतं आणि फोन तिथे टाकतं. समोरच्या मुलीने 'बोला' म्हणायच्या आत तिच्या पडद्यावर तुमचा नंबर आलेला असतो. सिम ज्याच्या नावावर आहे त्याचं नाव-पत्ताही मागवता येतो. पण इथे पहिली ठेच लागते. तुमचा मुलगा पुण्यात नोकरीला असेल, त्याने तिथे सिम घेऊन तुम्हाला दिलं असेल, तर पडद्यावर पत्ता पुण्याचा येतो. कारंज्याच्या वावरात उभा असलेला माणूस कागदोपत्री पुण्यात कुठेतरी उभा. म्हणून ती विचारते, "तुम्ही आत्ता कुठे आहात?" लोकांना याचा राग येतो, 'सगळं तर दिसतं ना तुम्हाला' म्हणतात. तिला दिसतो तो सिमचा पत्ता. माणूस दिसत नाही.

ऐकता ऐकता ती टिपून घेते : काय झालं, कुठे, किती जण, कोणाच्या हातात हत्यार आहे का. त्याची एक नोंद तयार होते. ती वर्ध्याला पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या नियंत्रण कक्षात उघडते. तिथल्या पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा आणि त्यावर सरकणाऱ्या गाड्या असतात. प्रत्येक गाडीत पुढच्या बाजूला टॅबलेटसारखा एक पडदा बसवलेला आहे. वर्ध्याहून नोंद ढकलली की तो वाजतो, जागा दाखवतो. निघाल्यावर गाडीतला पोलीस एक बटण दाबतो, पोचल्यावर दुसरं, आणि काय केलं ते लिहिल्याशिवाय नोंद बंद होत नाही. जुन्या वायरलेसवर 'निघालो साहेब' म्हटलं की काम भागायचं. आता गाडी हलली की नाही ते वर्ध्याच्या पडद्यावर दिसतं. या सगळ्या सुधारणेत मला मोलाची वाटते ती हीच बाब, मोठ्या पडद्यांपेक्षा कितीतरी.

पण गाडी निघाली तरी ती कुठे जाणार? म्हणजे आपण पुन्हा तुमच्या पांदणीत आलो.

फोन कोणत्या टॉवरवर आहे हे केंद्राला कळू शकतं. शहरात टॉवर जवळजवळ असतात, तिथे एवढ्याने गल्ली नाही तरी मोहल्ला सापडतो. वावरात एक टॉवर कित्येक किलोमीटर सांभाळतो. त्यावर बहुतेकदा तीन दिशांना तोंड करून अँटेना असतात, म्हणून वर्तुळाऐवजी त्याची एक फोड कळते, संत्र्याची फोड असावी तशी. जुन्या जीएसएममध्ये फोन टॉवरपासून किती दूर आहे याचा अंदाज लहर जाऊन येण्याच्या वेळेवरून करतात, पण तो टप्प्याटप्प्याने; एक टप्पा साधारण साडेपाचशे मीटरचा. म्हणजे पडद्यावर जे येतं ते असं : या फोडीत, या पट्ट्यात कुठेतरी. त्या 'कुठेतरी'त तुमचं वावर, शेजाऱ्याचं वावर, नाला, दोन विहिरी आणि एक मारुतीचं देऊळ. रात्रीची गाडी तिथे पाऊण तास फिरू शकते.

मग जीपीएस का वापरत नाहीत? फोनमध्ये असतंच. पण जीपीएस म्हणजे फोनने उपग्रहांचं ऐकणं. किमान चार उपग्रह ऐकू आले तर जागा निघते, आणि प्रत्येक उपग्रह आपण कुठे आहोत ते सांगायला ३० सेकंदांचा निरोप पुन्हा पुन्हा म्हणत असतो. नेटवर्क चांगलं असेल तर तो निरोप टॉवरकडून आयता मिळतो आणि काम झटकन होतं. नसेल तर थांबावं लागतं. पत्र्याच्या गोठ्यात किंवा धाब्याच्या घरात तर ऐकूच येत नाही. आणि मुख्य म्हणजे, फोनला स्वतःची जागा कळली तरी ती आपण होऊन केंद्राला सांगायची सवय त्याला लावावी लागते.

ती सवय पहिल्यांदा ब्रिटनमध्ये २०१४ मध्ये लावली गेली. आणीबाणीचा नंबर लागला की फोन स्वतःच जीपीएस आणि वायफाय जागं करतो आणि माणूस बोलत असतानाच जागेचा एक छुपा संदेश केंद्राला पाठवतो. २०१६ पासून ही सोय अँड्रॉइड फोनांत येऊ लागली, २०१८ मध्ये आयफोनमध्येही आली. पण घेणारं केंद्र तयार असलं तरच तिचा उपयोग. आपल्या देशात २०२५ च्या अखेरीस उत्तर प्रदेशाच्या ११२ ने ती जोडून घेतली. महाराष्ट्राच्या केंद्राने पुढचा पैसा कशावर घालावा असं मला कोणी विचारलं, तर मी आधी यावर घालायला सांगेन. पडद्यांची संख्या नंतर वाढवता येईल. जीभ वळत नसेल, माणूस नुसता श्वास घेत असेल, लेकरू फोन धरून रडत असेल, तरी जागा तेवढी पोचली पाहिजे.

लेकराचं निघालं म्हणून सांगतो. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत टेक्सास राज्यात एका हॉटेलच्या खोलीत एका बाईवर हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने, शिकवल्याप्रमाणे, ९११ लावला. चार वेळा लावला. लागलाच नाही, कारण त्या हॉटेलच्या फोनवर बाहेरची लाइन घ्यायला आधी ९ दाबावा लागायचा आणि हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आई वाचली नाही. तिच्या आजोबांनी पाठपुरावा केला आणि २०१८ मध्ये तिथे कायदा झाला की अशा कोणत्याही फोनवरून आणीबाणीचा नंबर थेट लागलाच पाहिजे. आपल्याकडच्या लॉज, दवाखाने, वसतिगृहांतल्या 'आधी शून्य दाबा' फोनांकडे पाहिलं की मला ती मुलगी आठवते. तुमच्या गावात अशी एखादी इमारत असेल तर फोनशेजारच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावायला सांगा. खर्च एका कागदाचा आहे.

यंत्राची गोष्ट झाली. आता जे काम यंत्र करू शकत नाही आणि कारंज्याचे लोक करू शकतात, त्याबद्दल.

केंद्रातल्या मुलीने गावाचं नाव टाइप केलं की समोर यादी उघडते. ती यादी कोणी तरी बनवलेली असते : सरकारी नकाशे, जनगणनेची गावं, पोलीस ठाण्यांच्या हद्दी. तिच्यात महसुली गाव सापडतं. तुमची पांदण सापडत नाही. 'बाभळीचा नाला', 'जुन्या जिनिंगचं वावर', 'रपट्याच्या अलीकडे', 'मोठ्या डीपीजवळ' ही आपली खरी ठिकाणं. गावातला शेंबडा पोरगाही सांगेल कुठे आहेत ते, पण ती कोणत्याच कागदावर नाहीत. त्यात नावं बदलतात. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वाड्यावस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. तो घ्यायलाच हवा होता, फार आधी. पण त्यामुळे एका वस्तीला आता दोन नावं झाली, एक पाटीवरचं आणि एक म्हाताऱ्या माणसांच्या तोंडातलं. रात्री दोन वाजता सत्तर वर्षांची आजी जुनंच नाव घेणार. यादीत नवं नाव छापताना त्याच्याखाली 'पूर्वीचं अमुक' एवढी नोंद राहिली नाही, तर त्या आजीची वस्ती पडद्यावर नाहीशी झाली म्हणून समजा.

हे काम नगरपंचायतीचं आणि ग्रामपंचायतींचं आहे. प्रत्येक पांदणीला, फाट्याला, रपट्याला एक नाव आणि त्याचे अक्षांश-रेखांश. तलाठी, कोतवाल, पोलीस पाटील, आशाताई, वायरमन अशा पाच माणसांना एका टेबलाशी बसवलं तर आठवड्यात एका गावाची यादी होईल. ती वर्ध्याच्या नियंत्रण कक्षाला द्यायची. कारंज्यासारख्या ठिकाणी हे जास्त लागतं, कारण एका अंगाला दिवसरात्र धावणारा हायवे आणि दुसऱ्या अंगाला बोरच्या जंगलाकडे सरकत गेलेली गावं. गवळाऊ जनावरं घेऊन रानात गेलेल्या गुराख्याच्या जागेला पत्ता कुठला द्यायचा? 'अमक्या टेकडीमागे' हाच त्याचा पत्ता. तो कोणीतरी लिहून ठेवला पाहिजे. (वाघ-बिबट्याचं काही असेल तर वन विभागाचा १९२६ वेगळा आहे, तोही घरात लिहून ठेवा.)

आजारपणाबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगून टाकतो. छातीत दुखतंय, साप चावला, बाळंतीण अडली, तर सरळ १०८ लावा. ही सेवा महाराष्ट्रात जानेवारी २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. गाडीत डॉक्टर असतो आणि फोन पुण्याच्या केंद्रात घेतला जातो. म्हणजे तिथेही कारंज्याचा फोन पुण्यात, गाडी तुमच्या जवळची. ११२ वर सांगितलंत तरी ते १०८ ला जोडून देतात, पण तेवढा एक हात वाढतो आणि पत्ता बहुधा दोनदा सांगावा लागतो. अपघात असेल, भांडण असेल, पोलीस आणि दवाखाना दोन्ही लागणार असतील, तर ११२. अपघातात मदत केली म्हणून नाव सांगायला, साक्षीला अडकायला लोक अजून घाबरतात. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आलं. मदत करणाऱ्याला आपलं नाव सांगायची सक्ती करता येत नाही. ही माहिती चौकात, पानठेल्यावर पोचायला हवी, तशी ती पोचलेली नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न : एकदा लावून पाहिला तर? गुरुजी, कृपा करून लावू नका. खुर्च्या मोजक्याच असतात. तुम्ही 'काही नाही, सहज लावला' म्हणाल तेवढा वेळ एक खुर्ची अडलेली राहील, आणि नेमकी त्याच वेळी कुठेतरी कोणाच्या तरी विहिरीत पोरगं पडलेलं असू शकतं. असे सहज लावलेले आणि मुकाट धरलेले फोन ही साऱ्या जगातल्या अशा केंद्रांची मोठी डोकेदुखी आहे. चुकून लागलाच तर कापू नका, 'चुकून लागला' एवढं सांगा. नाहीतर त्यांना उलटा फोन करावा लागतो.

त्यापेक्षा नातवाला घेऊन एका रविवारी वावरात जा. विहिरीजवळ, मोकळ्या आभाळाखाली उभं राहून त्याच्या फोनमधल्या नकाशात जागा काढा. अक्षांश-रेखांश येतील. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन नावाची सोय आणली आहे. देशभराची जमीन साधारण चार-चार मीटरच्या चौकोनांत वाटून प्रत्येकाला दहा अक्षर-आकड्यांची खूण दिली आहे. तुमच्या विहिरीचीही खूण असेल. ती काढून घ्या. नंतर ती घराच्या दाराच्या आतल्या बाजूला, गोठ्याच्या खांबावर, मोटारीच्या पेटीवर ऑइलपेंटने लिहा. कागद उंदीर खातात.

परत येताना हायवेच्या कडेचे दगड त्याला वाचायला लावा. पिवळ्या डोक्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या डोक्याचा राज्य महामार्गाचा. दोन किलोमीटर-दगडांच्या मधे दर दोनशे मीटरवर छोटे दगड असतात, २, ४, ६, ८ असे आकडे टाकलेले. अपघात पाहिला की जवळच्या पिवळ्या दगडावरचा आकडा आणि गाडीचं तोंड नागपूरकडे होतं की अमरावतीकडे, एवढं सांगितलं तरी गाडी चुकत नाही. रस्ता मधून दुभागलेला असतो, चुकीच्या बाजूने आलेल्या गाडीला पुढच्या कटपर्यंत जाऊन वळून यावं लागतं. त्यात मिनिटं जातात.

आणि मग त्याच्याकडून हे वाक्य पाठ करून घ्या, पाढ्यासारखं. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग जागा, आणि झालं काय ते शेवटी. कारण फोन मधेच तुटला तरी गाडी निघण्यापुरतं तोवर पोचलेलं असतं :

"जिल्हा वर्धा, तालुका कारंजा घाडगे, गावही तेच. लाड नाही, घाडगे. गावापासून चार किलोमीटर, पांदणीने आत, आमच्या विहिरीजवळ. मी फाट्यावर टॉर्च घेऊन उभा राहतो. माझे आबा पडलेत, बोलत नाहीत."